राजगीरचे ऊन पाणी

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. मुलांना समुद्र हवा असतो, त्यांच्या अब्बांना आठ दिवस नुसते झोपायचे असते आणि अम्मीचे उत्तर ठरलेले असते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." अम्मी म्हणजे आमची आई. वय बहात्तर. गुडघे दुखतात, साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. अब्बांच्या इंतकालानंतर ती आमच्याकडेच भुसावळला असते. गेल्या वर्षी मात्र तिनेच फर्मान काढले, "मला राजगीरला न्या."

भुसावळ हे रेल्वेचे गाव. आमच्या गल्लीच्या टोकाला रेल्वेच्या चाळीत एक बिहारी कुटुंब राहते. त्या घरातल्या चाची दुपारी अम्मीजवळ येऊन बसतात. त्यांनीच तिला सांगितले होते की राजगीरला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाणी आपोआप वाहते, तिथे मखदूम साहेबांचे कुंड आहे आणि त्या पाण्यात पाय सोडून बसले की गुडघे लोण्यासारखे होतात. अम्मीने हे ऐकले आणि मनात धरले.

आम्ही तिला म्हणालो, "गरम झरा तर आपल्या जिल्ह्यातही आहे. उनपदेवला जाऊन येऊ." चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे, तिथले पाणी बारा महिने गरम असते. पण अम्मी ऐकायला तयार नव्हती. "तिथे मखदूम साहेब बसले होते का?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

निघण्याआधी डॉक्टरांना विचारले. त्यांनी नाही म्हटले नाही, पण अटी घातल्या. पाणी आधी तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाने बघू नका. दहा मिनिटांच्या वर बसवू नका. एकटे सोडू नका. आणि पायात रबरी चप्पल असल्याशिवाय एक पाऊल टाकू देऊ नका. आम्ही सगळे कागदावर लिहून घेतले. मास्तरकीची सवय! तो कागद पर्समध्ये घडी करून ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

भुसावळहून पाटण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तोटा नाही, तोटा असतो तो आरक्षणाचा. ते दोन महिने आधी केले होते. एक दिवस आणि एक रात्र गाडीत गेली. पाटण्याहून राजगीर सुमारे शंभर किलोमीटर. बख्तियारपूरहून एक फाटा दक्षिणेला वळतो आणि बिहार शरीफ, नालंदा, सिलाव करत राजगीरला येतो. राजगीरला उतरले की लगेच डोंगर सुरू होतात, हे आमच्या मुलाला फार आवडले.

आम्ही शाळेत उर्दूबरोबर भूगोलही शिकवतो, म्हणून दोन शब्द हवेबद्दल. आपले भुसावळ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, राजगीर उत्तरेला. पुस्तकात ज्याला उपोष्ण हवामान म्हणतात ते हेच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात आणि हिवाळ्यात पहाटे अशी थंडी पडते की तोंडातून वाफ निघते. आपल्याकडे दिवाळीत स्वेटर पेटीतच असतो. आम्ही तो तिथेच ठेवून गेलो होतो आणि पहिल्याच संध्याकाळी बाजारातून चार शाली घ्याव्या लागल्या. ऑक्टोबर ते मार्च हा काळ जायला चांगला. दर तीन वर्षांनी अधिक महिन्यात, ज्याला तिकडे मलमास म्हणतात, इथे मोठा मेळा भरतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर ती गर्दी टाळावी.

गाव लहान आहे. वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी आणि स्वर्णगिरी अशा पाच डोंगरांनी वेढलेले. राजगीर हे राजगृहाचेच रूप. मगधाची राजधानी पाटलीपुत्राला जाण्यापूर्वी इथे होती. डोंगरांच्या माथ्यावरून मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेली जुनी तटबंदी धावते, ती एकूण सुमारे चाळीस किलोमीटर भरते. गौतम बुद्ध इथे राहिले, महावीरांनी इथे चातुर्मास केले. रस्त्यात एका बाजूला जैन यात्रेकरूंचा जथा, दुसऱ्या बाजूला थायलंडहून किंवा जपानहून आलेले भिक्खू आणि मधून टांगा. होय, टांगा! इथे अजून घोड्याचे टांगे भरपूर आहेत. आमच्या मुलीने टांगा फक्त जुन्या सिनेमात पाहिला होता.

गरम झरे दोन ठिकाणी आहेत. वैभार डोंगराच्या पायथ्याशी सातधारा आणि ब्रह्मकुंड. तिथले पाणी सर्वांत गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअस. ते हिंदू बांधवांच्या स्नानाचे तीर्थ आहे, सकाळपासून रीघ लागलेली असते. आम्ही बाहेरूनच बघितले आणि पुढे निघालो. समोरच्या विपुल डोंगराच्या पायथ्याला मखदूम कुंड आहे. पूर्वी त्याला शृंगी ऋषी कुंड म्हणत. इथे मुसलमान येतात तसे हिंदूही येतात. अंगावर खरूज आलेले पोर घेऊन आलेली आई, दुखरी कंबर धरून आलेला शेतकरी, कुणीही. पाण्याला काही विचारायचे नसते.

हे पाणी तापते कसे, हा प्रश्न मुलाने टांग्यातच विचारला होता. ज्वालामुखी आहे का? नाही. पावसाचे पाणी डोंगराच्या भेगांतून खाली मुरत जाते. जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते, साधारण एका किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. खोल गेलेले पाणी तिथे तापते आणि खडकातल्या मोठ्या भेगेची वाट मिळाली की दाबाने वर येते. म्हणजे आज जे पाणी कुंडात पडते आहे ते फार जुन्या पावसाचे आहे. उनपदेवचे, कोकणातल्या उन्हवऱ्याचे आणि ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीचे पाणीही अशाच वाटेने वर येते. आपल्या मराठीत गरम पाण्याला ऊन पाणी म्हणतात आणि उन्हेरे, उन्हवरे, उनपदेव ही नावे ऐकली तरी तिथे काय असेल ते कळते.

पण पाऊस मुरलाच नाही किंवा मुरलेले पाणी वाटेतच उपसले गेले तर? आमचा टांगेवाला म्हणाला की त्याच्या लहानपणी धार मनगटाएवढी जाड होती, आता उन्हाळ्यात बारीक होते. गाव वाढले, हॉटेले वाढली, बोअर वाढल्या. २०२२ पासून गावाला पिण्यासाठी गंगेचे पाणी नळाने येते आहे. जमिनीखालचे पाणी त्यामुळे वाचले तर झऱ्यांनाही थोडा दम मिळेल.

या झऱ्यांची एक फार जुनी गोष्ट पाली विनयपिटकात आहे. मगधाचा राजा बिंबिसार तपोदाच्या, म्हणजे इथल्याच गरम पाण्यात न्हायला आला. बघतो तर भिक्खू न्हात आहेत. राजा अदबीने थांबला. भिक्खूंना गरम पाण्याचा मोह आवरेना, ते अंधार पडेपर्यंत न्हात राहिले. राजाचे स्नान होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि राजाला रात्र बाहेर काढावी लागली. मग बुद्धांनी नियम केला, भिक्खूंनी पंधरा दिवसांतून एकदाच न्हावे. पुढे उन्हाळा, आजारपण, प्रवास यांसाठी सवलत दिली. आम्ही ही गोष्ट मुलांना सांगितली, तर मुलगा म्हणाला, "म्हणजे दहा मिनिटांचा नियम तेव्हापासून आहे!"

पहिल्या दिवशी अस्रच्या आधी आम्ही अम्मीला कुंडावर नेले. बायकांच्या बाजूला आम्ही, अम्मी आणि मुलगी. बाप-लेक पुरुषांच्या बाजूला. कोपराने पाणी पाहिले, सोसवेल इतके ऊन होते. अम्मीने रबरी चपलेसकट पाय सोडले. दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरच्या रेषा सैल झाल्या. दहा मिनिटांनी उठवले तर रागावली. खोलीवर परतताना मात्र जिना एका हाताच्या आधाराने चढली, एरवी दोन लागतात. "बघा," ती म्हणाली. आम्ही बघितले. ऊन पाण्याने स्नायू सैल होतात, सांध्याभोवती रक्त खेळते आणि पाण्यात पायावरचा भार कमी होतो, हे खरेच आहे. तो आराम काही तासांचा असतो, झिजलेला गुडघा त्याने नवा होत नाही. हे आम्ही तिला त्या दिवशी सांगितले नाही. तिच्या आनंदात माशी कशाला टाका?

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर परत गेलो. कडाक्याची थंडी, धुके, कुंडावर मोजकी माणसे. इथेच मखदूम साहेबांचा दगडी हुजरा आहे. सातशे वर्षांपूर्वी या डोंगराचे जंगल झाले होते, राजधानी कधीच उठून गेली होती, तेव्हा ते इथे एकांतात इबादत करत. अम्मी आधी तिकडे गेली. अदब म्हणून चपला काढल्या. आम्हीही काढल्या. तिथून ती तशीच अनवाणी कुंडाकडे उतरली आणि आमच्या लक्षातच आले नाही. आम्ही मुलीच्या शालीचे टोक पाण्यात पडले होते ते पिळत होतो.

अम्मी पाण्यात पाय सोडून बसली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पाचेक मिनिटे झाली असतील. शेजारी एक बाई आपल्या मुलीच्या अंगावर तांब्याने पाणी घालत होती. भांगात शेंदूर, हातात लाखेच्या बांगड्या. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "माई, आपके पैर से खून आ रहा है।"

अम्मीने डोळे उघडले. पाण्यात लाल धागा सरकत होता. "मेरे पैर से?" तिने विचारले, आणि त्या विचारण्यात आश्चर्य होते, वेदना नव्हती. पाय उचलला तर तळव्यात अंगठ्याखाली दगडाची कपची रुतलेली, आणि कातडी इंचभर फाटलेली. त्या पायावर ती पायऱ्या उतरली होती. तिला काही म्हणता काही कळले नव्हते.

त्या बाईने आपल्या पिशवीतला धुतलेला गमछा काढला, टर्रकन फाडला आणि अम्मीचा पाय मांडीवर घेऊन बांधला. आमचे हात थरथरत होते. तिचे नाव विचारायचेही राहून गेले. नवादाकडून आल्याचे तेवढे ती म्हणाली होती. गमछ्याचे पैसे देऊ केले तर तिने आमच्याकडे अशा नजरेने बघितले की आम्ही पर्स बंद केली. पर्समध्ये तो कागद होता.

टांगेवाल्याने एका दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होते. जखम धुतली, कपची काढली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, साखर तपासली. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. अम्मीला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोपणाने तिच्या तळव्याला एकेक ठिकाणी स्पर्श केला आणि विचारत गेले, "अब छुआ? अब?" अम्मी गप्प. दहा ठिकाणांपैकी तीन ठिकाणी ती हो म्हणाली.

"कब से सुन्न हैं?" डॉक्टरांनी विचारले.

"दो साल," अम्मी म्हणाली.

दोन वर्षे! एका घरात, एका ताटात जेवणारी आम्ही. रोज शाळेत साठ मुलांपैकी कुणाचे लक्ष नाही ते चेहरा बघून ओळखणारी आम्ही. आम्हाला ठाऊक होते ते गुडघे, कारण गुडघे दुखतात आणि दुखणारे माणूस बोलते. बधिर झालेला पाय दुखतच नाही, मग तो बोलणार कसा? साखरेच्या आजारात पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. खडा, खिळा, पोळणारे पाणी, काहीच कळत नाही. जखम होते, तिच्यावर चालत राहतात, ती चिघळते, आणि पुष्कळांचा पाय मग कापावा लागतो. आमच्या नात्यातल्या एका खालूंचा असाच गेला होता. तरीही आम्ही अम्मीचा तळवा कधी उलटून बघितला नव्हता.

खोलीवर आल्यावर विचारले, सांगितले का नाहीस? ती म्हणाली, "बताती तो तुम लोग घर में बिठा देते. फिर यहाँ कौन लाता?" मुलांच्या अब्बांनी आमच्याकडे बघितले. खोटे तर नव्हतेच ते. बिठवलेच असते.

डॉक्टरांनी कुंडाचे पाणी बंद केले. उघड्या जखमेने सार्वजनिक कुंडात उतरणे तिच्यासाठीही वाईट आणि इतरांसाठीही. परतीचे तिकीट तीन दिवसांनंतरचे. म्हणजे ज्या पाण्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो ते समोर वाहत होते आणि अम्मी खोलीत पाय उशीवर ठेवून खिडकीतून डोंगर बघत होती. तेव्हा तिचे मन रमावे म्हणून आम्ही तिला मखदूम साहेबांची हकीकत वाचून दाखवली.

शेख शरफुद्दीन अहमद यहया मनेरी (रह.) यांचा जन्म पाटण्याजवळच्या मनेरचा, परंपरेनुसार १२६३चा. कोवळ्या वयात शेख अबू तव्वामा या मोठ्या आलिमांबरोबर ते बंगालात सोनारगावला गेले. तिथे बरीच वर्षे शिकले. लग्न झाले, मुलगा झाला. वडिलांच्या इंतकालानंतर ते मनेरला परतले, लहान मुलाला आपल्या आईच्या ओटीत दिले आणि म्हणाले, याला माझ्या जागी समजा. मग दिल्लीला गेले. हजरत निजामुद्दीन औलियांची भेट झाली, पण मुरीद झाले ते शेख नजीबुद्दीन फिरदौसींचे. परत येताना बिहियाच्या जंगलात शिरले आणि वर्षानुवर्षे माणसांत आले नाहीत. त्यानंतर हे राजगीरचे डोंगर. पुढे लोकांच्या ओढीने ते दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजासाठी बिहार शहरात येऊ लागले, तिथेच स्थिरावले आणि १३८१ मध्ये तिथेच त्यांचा विसाल झाला.

चौसा नावाच्या गावचे काझी शमसुद्दीन यांना त्यांच्या मजलिसीत येणे जमत नव्हते. त्यांनी विनंती केली की मला लिहून शिकवा. तेव्हा १३४६-४७च्या सुमारास मखदूम साहेबांनी त्यांना एकामागून एक फारसी पत्रे लिहिली. तौबा, नमाज, इल्म, नफ्स, सोबत असे एकेका पत्राला एकेक विषय. ती शंभर पत्रे 'मक्तूबात-ए-सदी' म्हणून प्रसिद्ध आहेत. पॉल जॅक्सन या ख्रिस्ती धर्मगुरूंनी बिहारमध्ये राहून त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. आम्हा शिक्षकांना करोनाच्या दिवसांत मोबाइलवर शिकवावे लागले तेव्हा आम्ही किती कुरकुर केली होती. वर्गात न येऊ शकणाऱ्या एकाच विद्यार्थ्यासाठी शंभर पत्रे!

हे सगळे अम्मीने शांतपणे ऐकले. मग एकच प्रश्न विचारला, "और उनकी अम्मा?"

"अम्मा काय?"

"बेटा जंगल में, पोता गोद में. उनका हाल किसी ने लिखा?"

आम्ही पुस्तकाची पाने चाळली. नाव होते, बीबी रजिया. पण जे अम्मीला हवे होते ते आमच्या हातातल्या पुस्तकात नव्हते.

तिसऱ्या दिवशी रत्नगिरी डोंगरावर गेलो. रत्नागिरी नव्हे, रत्नगिरी! वर जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने बांधलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे, त्याचे उद्घाटन १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी केले. जुना रोपवे एकेका खुर्चीचा आहे, चालत्या खुर्चीवर उडी मारून बसायचे. अम्मीसाठी तो अशक्य होता. आता शेजारी बंद डब्यांचा नवा रोपवे झाला आहे, त्यातून ती गेली. वर बाकावर बसून तिने पाचही डोंगर मोजले.

शेवटच्या दिवशी गाडी करून बिहार शरीफला निघालो. वाटेत सिलावला खाजा घेतला. पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली ही मिठाई, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अम्मीला मनाई होती, तरी एक पापुद्रा तिने उचललाच. नालंदाच्या विटांच्या भिंतींमधून फिरताना शेजारच्या गटाला कुणीतरी सांगत होते, बख्तियार खिलजीने हे सगळे जाळले. आमच्या मुलाची मान खाली गेली. आपल्या किती घरांतल्या मुलांना हा क्षण कुठल्या ना कुठल्या सहलीत येतो, हे वाचकांना सांगायला नको. आम्ही त्याला बाजूला घेऊन जे माहीत आहे ते सांगितले. १२००च्या सुमारास बख्तियारच्या फौजेने बिहारमध्ये एका विहारावर हल्ला केला, भिक्खूंना मारले आणि तिथे पुष्कळ पुस्तके सापडली, हे मिनहाज या मुसलमान इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. तो विहार नालंदाचा की बिहार शरीफच्या ओदंतपुरीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. १२३५च्या सुमारास धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्खू नालंदाला आला तेव्हा पडझड झालेल्या विहारात एक वृद्ध आचार्य सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. जे वाईट झाले ते वाईटच म्हणायचे, मुला. त्याची वकिली करायची नाही आणि त्याचे ओझे तू डोक्यावर घ्यायचे नाही. त्याच बिहार शरीफमध्ये मार्च २०२३ च्या दंगलीत मदरसा अझीझियाचे ग्रंथालय जाळले गेले, हजारो पुस्तके राख झाली. पुस्तक कुणाचेही जळो, मास्तरांच्या पोटात तसेच तुटते.

बिहार हे नाव विहारावरून आले. त्यापुढचे शरीफ मखदूम साहेबांमुळे लागले असे लोक मानतात. दर्ग्यावर जाण्याबद्दल आमच्याच घरात दोन मते आहेत. मुलांचे अब्बा फातेहा पढतात आणि बाहेर येतात, मागणे फक्त अल्लाहकडे असे त्यांचे म्हणणे. अम्मीचा मार्ग थोडा लांबचा असतो. त्या दिवशी ती पायाला पट्टी, पट्टीवर मोजा आणि मोज्यावर आम्ही घातलेली प्लास्टिकची पिशवी अशा थाटात हळूहळू गेली आणि बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "उनकी अम्मा के नाम की भी पढ़ी."

परतीच्या गाडीत मुलांना काम दिले होते. आऱ्याच्या पुढे बिहिया स्टेशन येते, ते बघायचे. बक्सरच्या पुढे चौसा, तेही बघायचे. बिहियाला आता घनदाट जंगल नाही, शेते आहेत. चौसा खिडकीतून सरकत गेले तेव्हा मुलगी ओरडली, "नानी, पत्रवाले काझी!" समोरचे प्रवासी बघत राहिले.

अम्मीच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली एक प्लास्टिकची बाटली होती. निघायच्या सकाळी तिने मुलाला गुपचूप पाठवून कुंडाचे पाणी भरून आणवले होते. जबलपूरच्या पुढे तिने बाटलीला गाल लावला. "ठंडा हो गया," म्हणाली.

घरी आल्यावर जखम भरायला पाच आठवडे लागले. आता इशानंतर मुलगी मोबाइलचा दिवा लावून नानीचे दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसह. अम्मी कुरकुरते आणि पाय पुढे करते. घरात अनवाणी चालणे बंद झाले आहे, नमाजच्या जागेपर्यंतही मऊ चप्पल असते.

बाटली अम्मीने दुसऱ्याच दिवशी चाळीतल्या चाचींना दिली. चाचींना गावी जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, आणि पाण्याकडे बघण्याआधी त्यांची नजर अम्मीच्या पट्टीकडे गेली. "दीदी, ये क्या कर लिया?" अम्मीने पदर सारखा केला आणि त्यांना बसायला जागा दिली.